लायसन्स मिळाल्यानंतरचे शिक्षण

तरुण मुलांना शिकायचेच नसते, लायसन्स हातात पडले की ती कोणाचे ऐकत नाहीत, अशी तक्रार आमच्या इंदुरातल्या मराठी घरांत नेहमी ऐकू येते. मला ती अर्धीच पटते. हीच मुले गिटारपासून जर्मन भाषेपर्यंत काय काय पैसे भरून शिकत असतात. मग गाडीच्या बाबतीतच पुढचे शिक्षण त्यांना नकोसे का वाटावे?

मुळात पहिले शिक्षणच तोकडे असते. लर्निंग लायसन्स मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते, आणि तेवढ्या अवधीत ड्रायव्हिंग क्लासवाले हाफ क्लच, गिअर आणि रिव्हर्स एवढे हाती बसवतात. सुपर कॉरिडॉरसारख्या रुंद रस्त्यावर सकाळी हे सगळे उत्तम जमते. पुढे पावसाळ्यात मित्रांना घेऊन हाच मुलगा ओंकारेश्वरला निघतो, सिमरोल मागे टाकून भेरूघाट उतरू लागतो आणि सतत ब्रेकवर पाय ठेवतो. कारण उतारावर खालच्या गिअरमध्ये राहून इंजिनालाच वेग आवरू द्यायचा असतो, नाहीतर ब्रेक तापून नीट लागेनासे होतात, हे त्याला कोणी प्रत्यक्ष करून दाखवलेले नसते. एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत अचानक थांबायचे तर ब्रेक पूर्ण दाबून धरायचा, तो सोडून सोडून मारायचा नाही, हेही त्याने क्वचितच ऐकलेले असते. समोरून अपर, म्हणजे दिव्यांचा प्रखर झोत, मारत येणाऱ्या ट्रककडे न बघता आपल्या डाव्या कडेकडे नजर ठेवणे, किंवा पहिल्या सरीनंतर तेल वर येऊन निसरड्या झालेल्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून जास्त अंतर राखणे, या गोष्टी तर तीस दिवसांत घडायच्याच राहून जातात. (पिथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये गाड्यांच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटरचा वेगवान ट्रॅक आहे. गाडीची एवढी परीक्षा आणि चालवणाऱ्याची किती, हा विचार तिकडे जाताना हटकून मनात येतो.)

दुसरे असे की आपल्या कायद्यात सामान्य चालकासाठी उजळणीचे प्रशिक्षण येते ते प्रामुख्याने शिक्षेच्या वाटेने. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, गंभीर गुन्ह्यापायी जप्त झालेले लायसन्स परत मिळवण्यासाठी असे प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. चूक केलेल्यांच्या रांगेत आपण होऊन कोण उभे राहील? ऑस्ट्रियाने २००३ पासून वेगळी वाट धरली. तिथे नव्या चालकाला लायसन्सनंतर पहिल्या वर्षातच प्रशिक्षकासोबत पुन्हा गाडी चालवावी लागते आणि सुरक्षित चालनाचे प्रशिक्षणही घ्यावे लागते. ते सर्वांनाच असल्यामुळे त्यात कमीपणा वाटण्याचा प्रश्न येत नाही. ब्रिटनमध्ये १९९५ पासून ‘पास प्लस’ नावाचा ऐच्छिक वर्ग आहे. त्यात किमान सहा तास, आणि रात्र, खराब हवामान, मोटारवे असे ठरलेले भाग असतात.

मात्र कोणतेही जादा प्रशिक्षण चांगलेच, असे मी म्हणणार नाही. नॉर्वेत निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे धडे सक्तीचे केल्यावर तरुण पुरुषांचे अपघात उलट वाढल्याचे आढळले होते, कारण घसरलेली गाडी आपल्याला सावरता येते या खात्रीने माणूस वेगही वाढवतो. म्हणून करामती शिकवण्यापेक्षा धोका लवकर ओळखायला आणि स्वतःची मर्यादा जाणायला शिकवावे, असे मला वाटते.

माझ्या भाच्याला मी याबद्दल विचारले, तेव्हा “मावशी, लायसन्स आहे की माझ्याकडे,” एवढेच उत्तर मिळाले. “घाटात आणि रात्री चालवायला कोणी शिकवले तर?” असे विचारल्यावर मात्र तो लगेच फीची चौकशी करू लागला. त्याची अट एकच होती: शेजारच्या सीटवर बाबा नकोत. ती मला रास्त वाटते, कारण वडिलांच्या शेजारी बसून मुलगा गाडी कमी चालवतो आणि बोलणी जास्त खातो. आपल्या शहरातल्या क्लासवाल्यांनी पावसाळ्याआधी रविवारी सकाळी भेरूघाटापर्यंतची एक फेरी आणि एखाद्या संध्याकाळी बायपासवरची एक फेरी, अशी दोनच सत्रे परीक्षेविना ठेवली, तर पहिल्या तुकडीसाठी मुले जमवायला मी तयार आहे. फी मात्र पालकांनी भरावी; गाडीला नवे सीटकव्हर घालताना आपण इतका विचार करत नाही.