'आउटडू'ला मराठीत काय म्हणाल?

आज भाचीला इंग्रजीचा धडा समजावताना 'आउटडू' या क्रियापदापाशी अडकलो. ती म्हणाली, "मामा, म्हणजे हरवणं ना?" हो म्हणणार होतो, पण थांबलो. हरवायला सामना लागतो. आउटडू करायला तो लागतोच असं नाही. समोरच्याने केलं त्याहून सरस करून दाखवलं की झालं. त्याला पत्ताही नसला तरी चालतं.

रूपं सोपी, 'डू'सारखीच: आउटडिड, आउटडन. पण कर्म हवंच, कोणाला मागे टाकलं ते सांगावं लागतं. 'एक्सेल'चं तसं नाही. 'शी एक्सेल्स ॲट चेस' म्हटलं की ती बुद्धिबळात निपुण, बस. तिथे दुसरं कोणी उभंच नाही. (हा शब्द लॅटिनमधून आला, मुळात उंच उठण्याचा अर्थ घेऊन.) हा फरक मला फार मोलाचा वाटतो.

मराठीत मात करणे, वरचढ ठरणे... सगळ्यांत थोडी कुस्ती आहेच. मला जवळचा वाटला 'सवाई'. सवाई म्हणजे सव्वापट. गुरूपेक्षा चेला सवाई निघाला तरी गुरूचं एक पूर्णच राहतं, वर पाव चढतो.

मग आलं 'शी आउटडिड हरसेल्फ'. आपल्याच आजवरच्या कामाहून सरस काम. मी शब्द जुळवत बसलो, तोवर भाची म्हणाली, "स्वतःवरच कडी केली!"

वहीत तेच लिहिलं. मला नव्हतं सुचलं.