लेख सापडतो, पण उघडत नाही

शास्त्रीय गायनातल्या भेंडीबाजार घराण्यावर पीएचडी करतेय. लेख शोधण्यात काही अडत नाही. गुगल स्कॉलर, जेस्टोर (नियतकालिकांचा ऑनलाइन संग्रह) आणि शोधगंगा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांचा संग्रह) चाळलं की यादी भराभर वाढते. फक्त रोमन लिपीत 'भेंडीबाजार' जोडून, तोडून आणि 'भिंडी' असंही टाकून बघा. एकाच स्पेलिंगवर थांबलात तर बरेच लेख निसटतात.

माझं घोडं अडलं ते घरून वाचण्यापाशी. हवा असलेला लेख टेलर अँड फ्रान्सिसच्या नियतकालिकात होता. हा प्रकाशक 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मध्ये, म्हणजे सरकारी शिक्षणसंस्थांना नियतकालिकं खुली करणाऱ्या केंद्राच्या योजनेत आहे. आमच्या संस्थेत बसलं की लेख उघडायचा. पण मी राहते भांडुपला, लेख वाचायला रोज लोकलने कोण जाणार? घरून वाचायला इन्फेडचं (संस्थेबाहेरून लॉगिन करण्याची सोय) खातं लागतं आणि ते मंजूर करतं आपल्याच संस्थेचं ग्रंथालय.

अर्ज ऑनलाइन भरला. उत्तर नाही. काउंटरवर गेले तर "मॅडम रजेवर आहेत, नंतर या." नंतर गेले तर "गाइडच्या सहीचं पत्र आणा." पत्र नेलं तर त्यावर विभागाचा शिक्का नाही. शिक्का कपाटात, किल्ली शिपायाकडे आणि शिपाई परीक्षेच्या ड्युटीवर! शिक्का मारून परत आले, तेव्हा काउंटरवरचा स्क्रीन जरा माझ्याकडे वळलेला होता. यादीत माझं नाव स्वच्छ दिसत होतं, पुढे 'प्रलंबित'. एका क्लिकचं काम. "आज सर्व्हर स्लो आहे, उद्या बघू." या सबस्क्रिप्शन योजनेसाठी केंद्राने 2025 ते 2027 या तीन वर्षांकरता 6,000 कोटी रुपये मंजूर केलेत. ते पैसे जनतेचे आहेत, आणि विद्यार्थी खिडकीशी ताटकळतोय. मला अजूनही संताप येतो.

शेवटी ग्रंथपालांना ईमेल केला. अर्जाचा स्क्रीनशॉट जोडला, विभागप्रमुखांना सीसीत ठेवलं. त्याच संध्याकाळी खातं सुरू! म्हणून सांगते, काउंटरवर तोंडी विचारत बसू नका, लेखी मागा. आणि पीएचडीची नोंदणी झाली की लगेच अर्ज टाका, संस्थेच्याच ईमेलवरून.

मधल्या काळात जेस्टोरच्या मोफत खात्याने तारलं. महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात, उतरवून घेता येत नाहीत. त्यामुळे टिपणं तिथल्या तिथे झोटेरोत (संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर) काढायची. लेखकाला थेट ईमेल करायलाही लाजू नका. परदेशातल्या एका प्राध्यापकांनी मला रातोरात पीडीएफ पाठवली.

झोटेरोत मोफत जागा 300 एमबीच मिळते, स्कॅन केलेल्या पीडीएफनी ती लगेच भरते. फाइली आपल्या हार्डडिस्कवर ठेवा. शोधगंगेवर प्रबंधाचं प्रत्येक प्रकरण वेगळी फाइल असते, उतरवतानाच नाव बदला. हो, आणि जुन्या बांधीव अंकातून पानांचे फोटो काढणार असाल तर आधी मुखपृष्ठाचा काढा. वर्ष आणि खंड क्रमांक बऱ्याचदा आतल्या पानांवर छापलेला नसतो.