स्वतःच का नाही मारलास?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. तसं दर वेळी हेच विचारता म्हणा, कुणीही भेटलं की जरा वेळाने गाडी तिथेच येते, की हॉकीच्या त्या मॅचमध्ये शेवटच्या मिनिटाला डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, बॉल तुझ्या स्टिकवर होता, तू फॉरवर्ड, मग गोलवर का नाही मारलास, डिफेंडरच्या पायावर मारून शॉर्ट कॉर्नर कशाला घेतलास. शॉर्ट कॉर्नर म्हणजे डीमध्ये डिफेंडरच्या पायाला बॉल लागला की मिळते ती संधी, गोलच्या रेषेवरून, म्हणजे बेसलाइनवरून, बॉल आत ढकलायचा आणि डीच्या कडेवरून गोलवर मारायचा. मॅच कुठली ते तुम्हाला पाठ आहे, त्यामुळे ते सोडते. आम्ही एका गोलने मागे होतो, बास.

पहिलं म्हणजे फॉरवर्डचं काम फक्त गोल मारणं असतं हे मला मान्यच नाही. समोरच्या टीमच्या डिफेंडरला बॉल बाहेर काढू न देणं, रिकामं धावून तिला आपल्या मागे ओढून नेणं, डीमध्ये शिरून कॉर्नर मिळवणं, यातलं काहीच स्कोअरशीटवर येत नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये २ ऑगस्ट २०२१ ला भारताने ऑस्ट्रेलियाला क्वार्टरफायनलमध्ये १-० हरवलं तो गोल गुरजीत कौरचा, कॉर्नरवर ड्रॅग फ्लिकचा, म्हणजे बॉल स्टिकवर ओढत नेऊन फेकलेला, आणि तिचं नाव सगळ्यांना माहीत आहे, असायलाच हवं. पण तो कॉर्नर मिळाला कसा हे सांगा बरं कुणीतरी! आता तुम्ही म्हणाल की त्याच्या दोनच दिवस आधी वंदना कटारियाने दक्षिण आफ्रिकेला तीन मारले, ४-३ ने मॅच काढली, ती पण फॉरवर्डच ना. हो. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि हे कुणी म्हणालं की मला लागतं, कारण मी पण वर्षानुवर्षं स्वतःचे गोलच मोजत आले.

आता तो बॉल.

आमची गोलकीपर काढून एक जादा प्लेअर आत घेतली होती, म्हणजे मागे गोल उघडा, बॉल गेला की संपलंच. उजवीकडून मला पास आला तो थोडा पुढे पडला, मी बेसलाइनपाशी जाऊन तो पकडला. ज्यांनी कधी तिथे उभं राहून बघितलं नाही त्यांना सांगते, गोल ३.६६ मीटर रुंद असतो खरा, पण तो समोरून. बेसलाइनला चिकटलं की त्यातला जेमतेम हातभर दिसतो, आणि त्या हातभरात गोलकीपरचे पॅड, तिची स्टिक, सगळं उभं असतं. तुम्ही मला जो स्क्रीनशॉट पाठवता तो वरच्या कॅमेऱ्याचा आहे, त्यात लांबच्या पोस्टकडे जागा दिसते, मलाही दिसते. मैदानात दिसली नाही. मला दिसला डिफेंडरचा डावा पाय, मी बॉल पायावर मारला, शिट्टी वाजली. त्यांनी व्हिडिओ रेफरल घेतला, निर्णय बदलला नाही.

आणि तेव्हा मी वळून बघितलं तर आमची मुख्य फ्लिकर, कॉर्नरवर ड्रॅग फ्लिक मारणारी, साइडलाइनला उभी, आत यायच्या तयारीत, स्टिक हातात. कॉर्नर दिला की तो संपेपर्यंत बदली करता येत नाही, फक्त डिफेंड करणाऱ्या टीमची गोलकीपर जखमी किंवा निलंबित झाली तरच करता येते. ती तिथेच उभी राहिली. तिचा चेहरा मी विसरू शकत नाही, रागावली नव्हती, नुसती बघत होती.

हूटर वाजला. वेळ संपली तरी दिलेला कॉर्नर पूर्ण खेळतात, म्हणून सगळं स्टेडियम थांबलेलं आणि आम्ही डीच्या कडेला. समोर गोलकीपर धरून पाच जणी. बॉल आत मीच ढकलला, चांगला गेला, स्टॉपही छान झाला, दुसऱ्या फ्लिकरने जीव ओतून मारला, पण त्यांची पहिली रशर, म्हणजे फ्लिक अडवायला धावत येणारी, इतकी जोरात आली की बॉल तिच्या स्टिकला लागून बेसलाइनबाहेर गेला. संपलं. त्या दुसऱ्या फ्लिकरला कृपा करून कुणी काही बोलू नका, तिचं काहीही चुकलं नाही.

फ्लिकर बाहेर आहे हे मला माहीत नव्हतं का? बदल्या सतत चालू असतात, कोण आत कोण बाहेर हे आपल्याला कळतं, तिला बाहेर जाताना मी बघितलंही होतं. पण त्या अर्ध्या सेकंदात ते डोक्यात होतं का हे मला खरंच सांगता येत नाही. मुलाखतींमध्ये मी म्हणत आले की टीमचा प्लॅनच तसा होता. प्लॅन होताच, खोटं नाही ते, पण मी प्लॅन आठवून मारलं असं मात्र नाही, हात आपोआप गेला.

आणि हात तसा का जायला लागला तेही सांगते. टीममध्ये आले तेव्हा मी कुठूनही मारायचे, रिव्हर्सवर म्हणजे स्टिक उलटी करून, पडता पडता, कोन असो नसो. एका कोचने मला स्वार्थी म्हणून बरेच सामने बेंचवर बसवलं. मग मी पाय शोधायला शिकले, कॉर्नर मिळवायला लागले, टीममध्ये पक्की झाले, बरंच पुढपर्यंत खेळले ते त्यामुळेच. ती जुनी मी तिथे असती तर मारलं असतं, शंकाच नाही. गेला असता का? कधी वाटतं गोलकीपरच्या पॅडला लागून परत आला असता आणि उघड्या गोलकडे त्यांचा काउंटर सुटला असता. कधी रात्री वाटतं, आत गेला असता. मी त्या मुलीला कितीदा सांगितलं की तुझ्यासारखं खेळून मी इथपर्यंत आलेच नसते, ती म्हणते, आलीस, पण मारलं नाहीस. आमचं भांडण मिटत नाही.

आज तसाच बॉल आला तर काय करशील, हाही प्रश्न असतोच. बेसलाइनला चिकटलेली असेन तर परत पायच शोधेन. दोन पावलं आत असेन तर मारेन. त्या दिवशी मी नेमकी कुठे होते यावर माझं आणि तुमच्या त्या स्क्रीनशॉटचं अजून एकमत नाही.