दिवा-सावंतवाडी: सगळ्यांना पुढे जाऊ देणारी गाडी

सावंतवाडीला जायचंय म्हटल्यावर ऑफिसात प्रत्येकाने आधी वंदे भारतचं नाव घेतलं, कणकवलीला उतर आणि पुढे गाडी कर, दुपारी जेवायला पोचशील वगैरे. मी दिवा पॅसेंजरने चाललेय म्हटल्यावर सगळ्यांचा एकच प्रश्न, "का गं, तिकीट नाही मिळालं?" म्हणजे एखादी बाई आपणहून स्लो गाडी निवडते हे कुणाच्या डोक्यातच शिरेना. शेवटी "हो ना, फुल्ल होती" सांगून सुटका करून घेतली, सोपं पडतं ते.

खरं कारण असं की मला तो रस्ता बघायचा होता, जुलैमधला, भातलावणीच्या दिवसांतला. आणि दुसरं म्हणजे गेली काही वर्षं "कशी आहेस?" विचारलं की माझ्या तोंडून "बिझी" एवढंच निघतं आणि समोरचा मान डोलावतो, म्हणजे छान चाललंय हिचं! हे जरा तपासून बघायचं होतं.

तर ही गाडी दिव्याहून सकाळी साडेसहाच्या आत सुटते आणि सावंतवाडीला संध्याकाळी पोचते. बोर्डावर आता एक्सप्रेस लिहितात तिला, पण थांबते बहुतेक सगळीकडे आणि लोक पॅसेंजरच म्हणतात. रिझर्व्हेशन नाही, सगळे डबे जनरल. गर्दी बेक्कार. पेणपर्यंत मी एका पायावर उभी होते, पेणला एका मावशींनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि "बस गो हय" म्हणून जागा केली, तिथून पुढे आमची गट्टी. कणकवलीच्या अलीकडे कुठेतरी त्यांचं गाव, मुंबईत मुलाकडे असतात, लावणीला दरवर्षी घरी. आमच्या अख्ख्या डब्यात निम्मे लोक लावणीलाच चालले होते, कुणी सिक्युरिटीत, कुणी हॉटेलात, कुणी रिक्षा चालवणारा, रजा टाकून शेतात वाकायला निघालेले. याला सुट्टी म्हणायचं की काय म्हणायचं मला कळेना.

रोह्यापासून कोकण रेल्वेची हद्द सुरू. वीरपर्यंत डबल लाईन झालीये, पुढे मात्र बहुतेक सगळा सिंगल ट्रॅक, म्हणजे समोरून गाडी येत असली की एकीने स्टेशनात बाजूच्या लूप लाईनला जाऊन उभं राहायचं आणि दुसरी धाडधाड निघून जायची, मागून कुणी फास्ट आली तरी तेच. यालाच क्रॉसिंग म्हणतात, आणि या खेळात बाजूला होणारी गाडी ठरलेली. आमची.

पहिल्या दोन-तीन क्रॉसिंगला माझा जीव वर-खाली होत होता, सवयीने घड्याळ बघत होते, मला कुठेही पोचायची घाई नसताना! करंजाडी गेल्यावर पाऊस इतका जोरात आला की पलीकडचा डोंगर दिसेना आणि गाडी अक्षरशः सायकलच्या वेगाने. समोरच्या सीटवर रेल्वेतून रिटायर झालेले एक काका होते, ते म्हणाले, "ताई, हे मुद्दाम आहे, पावसात काही दिसेनासं झालं की चाळीसच्या वर न्यायची नाही असा नियम आहे." मग त्यांनीच आठवण काढली, 2003 च्या जूनमध्ये वैभववाडीजवळ आणि 2004 च्या जूनमध्ये इथेच करंजाडीजवळ, दोन्ही वेळा रुळावर दगड आले आणि गाड्या घसरल्या, किती माणसं गेली. आता कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून रूळ नेलेत तिथे, डोंगराला जाळ्या मारलेल्या दिसतात, पावसाळ्यात गस्तवाले रुळावरून चालत जाऊन दरड बघतात आणि पावसाळ्याचं टाईमटेबलच वेगळं, जास्त वेळ धरलेलं. 741 किलोमीटरच्या रेल्वेने कागदावर लिहून ठेवलंय की वर्षातले चारेक महिने आम्ही हळू जाणार. आमच्याकडे एखाद्या प्रोजेक्ट प्लॅनमध्ये "या महिन्यात हळू" असं लिहिलं तर लिहिणाऱ्याचं अप्रेझल गेलंच म्हणून समजा.

चिपळूणनंतर डबा जरा रिकामा झाला आणि एक पोरगा लॅपटॉप घेऊन खिडकीत बसला, मीटिंग चालू त्याची. कोकण रेल्वेवर मीटिंग म्हणजे काय सांगू तुम्हाला, नव्वदच्या वर बोगदे आहेत या रस्त्याला. "हॅलो, हॅलो, माझा आवाज येतोय का" आणि बोगदा. बाहेर आलं की "सॉरी सॉरी, मी काय म्हणत होतो" आणि परत बोगदा. सगळा डबा त्याच्या मीटिंगमध्ये गुंतला होता, एक आजोबा तर त्याला बोगदा यायच्या आधी सावध करायला लागले. मग उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा आला, तो साडेसहा किलोमीटरचा, संपतच नाही. बाहेर पडल्यावर त्याने बघितलं तर मीटिंग आटोपली होती. त्याच्याशिवाय. सगळं ठरलंही होतं. त्याने एक मिनिट स्क्रीनकडे बघितलं, मग लॅपटॉप बंद केला आणि शेंगवाल्याला हाक मारली. त्याला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं की अपमान झाल्यासारखं, हे मला अजून ठरवता येत नाहीये, मला स्वतःला बहुतेक अपमानच वाटला असता.

कारण बिझी असणं ही आता आपली मिरवायची गोष्ट झालीये ना. पूर्वी उलटं होतं, ज्याच्याकडे पैसा तो पडवीत झोपाळ्यावर बसलेला दिसायचा आणि राबायची बाकीची. 2017 मध्ये सिल्व्हिया बेलेझा आणि तिच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास छापून आला होता, अमेरिकन लोकांना सतत कामात बुडालेला माणूस जास्त वरच्या दर्जाचा वाटतो आणि इटालियन लोकांना निवांत असलेला. आपण आता अमेरिकेच्या बाजूला, नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं म्हटलं, 2025 च्या सुरुवातीला एल अँड टीच्या सुब्रमण्यन यांचं नव्वद तासांचं आलं, आणि आमच्या ग्रुपवर लोक चिडलेही पण त्यात कौतुकाने थम्ब्सअप टाकणारेही कमी नव्हते.

रत्नागिरीनंतर पानवलचा पूल, 64 मीटर उंच, खाली बघितलं तर पोटात गोळा. मग विलवड्याला गाडी जी थांबली ती थांबलीच. लोक खाली उतरले, बाटल्या भरल्या, पोरं फलाटावर धावायला लागली. पलीकडच्या खाचरात बायका रोपं लावत होत्या, डोक्यावरून प्लास्टिक पांघरलेलं, इरलं आता क्वचितच दिसतं. एक गाडी समोरून गेली. आम्ही तिथेच. मग मागून दुसरी. मी वैतागून म्हटलं, मावशी, आपण काय सगळ्यांना पुढे सोडायलाच बसलोय का? मावशी वडा खात होत्या. म्हणाल्या, "अगो, ही थांबता म्हणान ती जाता. दोनव पळाक लागले तर आपटतले मा!"

त्यांनी ते अगदी सहज म्हटलं आणि पुढचा वडा मला दिला, पण माझं डोकं तिथेच अडकलं. त्या एसी गाडीतल्या लोकांना आम्ही दिसलोही नसू. आठ तासांत मडगाव म्हणतात तेव्हा त्या आठ तासांत कुणाकुणाचे अर्धे-अर्धे तास लूप लाईनला उभे आहेत ते तिकिटावर नसतं. मग मी माझं कॅलेंडर आठवलं, सकाळी नऊ ते रात्री आठ ठासून भरलेलं, ज्याचा मला अभिमानच आहे थोडा, आणि त्यासाठी कोण कोण बाजूला उभं असतं ते मोजायला घेतलं. सासूबाई, ज्या लेकीला शाळेतून आणतात आणि त्यांचं भजनी मंडळ बुडतं. शेजारच्या काकू, माझी पार्सलं घेणाऱ्या. जेवणाच्या डब्याच्या मावशी, ज्यांना मी "आज उशीर होईल, थांबाल का" असं महिन्यातून कितीदा तरी म्हणते आणि त्या थांबतात, त्यांना काय घर नाही? हे सगळे थांबतात म्हणून मी बिझी, आणि शाबासकी मिळते ती पळणाऱ्याला.

बरं, स्लो गाडीचं कौतुक करताना एक सांगायला पाहिजे. त्या डब्यात हौसेने बसलेली बहुधा मी एकटीच होते. बाकीच्यांना हीच परवडते, किंवा हीच त्यांच्या स्टेशनला थांबते. कोविडनंतर रत्नागिरी पॅसेंजरही दादरऐवजी दिव्यालाच संपायला लागली, त्यावर डब्यात भरपूर बोलणं झालं, सामान घेऊन दिव्याचा जिना चढून लोकल पकडायची म्हणजे काय असतं ते चाकरमान्यांना विचारा. भरपगारी रजा टाकून "मी जरा स्लो डाऊन करतेय" म्हणणं आणि दुसरा पर्याय नसल्यामुळे बारा तास बसणं, या दोन गोष्टी एकाच बाकावर बसल्या तरी एक नाहीत. त्यामुळे "सगळ्यांनी एकदा हळू जगून बघा" असलं काही मी म्हणणार नाही.

सावंतवाडीत मोती तलाव बघितला, चितार आळीत लाकडी फळं घेतली, राजवाड्यात गंजिफा, म्हणजे जुन्या पद्धतीचे खेळायचे पत्ते, रंगवणारे कलाकार बघितले. दशावतारी गंजिफा म्हणजे 120 गोल पानं, दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं, सगळी हाताने रंगवायची. ही कला 1970 च्या दशकात संपायला आली होती, तेव्हा इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसल्यांनी ती राजवाड्यातच परत उभी केली.

परत आल्यावर सासूबाईंना विचारलं की तुमचं भजन कोणत्या वारी असतं. त्या म्हणाल्या, "का, तुझी मीटिंग आहे का त्या दिवशी?" बुधवारी असतं. बुधवारी चारनंतरचं कॅलेंडर मी ब्लॉक केलंय, मॅनेजरने कारण विचारलं तर "क्रॉसिंग आहे" सांगितलं, त्याला वाटलं कुठल्यातरी क्लायंटचं नाव आहे.

कुणी जाणार असाल तर दिव्याला निदान अर्धा तास आधी पोचा, नाहीतर पेणपर्यंत उभं राहावं लागेल. सुटे पैसे आणि पाणी ठेवा, खायचं न्यायची गरज नाही, चढतंच कोणीतरी काहीतरी घेऊन. पावसाळ्यात उजवीकडची खिडकी की डावीकडची असं विचारू नका, मिळेल ती घ्या. आणि सावंतवाडीचं स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, तिथून रिक्षा करावी लागते.