तुम्ही विचारलंत म्हणून : वाचनालय मठातच का?

गावात आलेला बाहेरचा माणूस, मग तो तपासणीला आलेला अधिकारी असो की कोणाकडे आलेला पाहुणा, मला हमखास विचारतो की सिमेंटचे नवे सभागृह रिकामे असताना तुम्ही वाचनालय या जुन्या मठात का ठेवले आहे. उभ्या उभ्या दिलेले उत्तर अपुरे पडते, म्हणून लिहितो.

हा मठ महानुभाव पंथाचा. शेवटच्या महंतांच्या मागे तो सांभाळायला कोणी उरले नाही, तेव्हा आमच्या आजोबांच्या पिढीने पंथातल्या जाणत्यांच्या संमतीने तिथे पुस्तकांची दोन कपाटे आणून ठेवली. पुढे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला आणि रीतसर नोंदणी झाली.

मात्र ग्रंथ तिथे त्याआधीही होतेच. आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपुरात १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा ग्रंथ, लीळाचरित्र, सिद्ध केला आणि त्यानंतर शतकानुशतके पंथाच्या मठांतून बोरूने, काळ्या शाईने, हातकागदावर पोथ्यांच्या नकला होत राहिल्या. मधल्या खोलीतल्या देवळीत त्यांपैकी एक अजून आहे. तिचे लाल बासन सोडले की आधी वेखंडाचा वास येतो. मग पाने दिसतात, अक्षरे ओळखीची वाटतात, पण शब्द काही लागत नाही, कारण ती पंथाच्या सांकेतिक सकळ लिपीत आहे आणि तीत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर किंवा चिन्ह योजलेले असते. पंथाबाहेरच्या अभ्यासकांना या लिपीची किल्ली विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाली.

लिपी अशी मिटलेली. भाषा मात्र याच पंथाने जाणूनबुजून सर्वांची ठेवली. पंथातले ग्रंथकार केशिराज यांनी संस्कृतात लिहायला घेतले तेव्हा, याने माझ्या (संस्कृत न कळणाऱ्या) म्हाताऱ्या नागवल्या जातील, अशा अर्थाचे सांगून चक्रधरांनंतरचे पंथप्रमुख नागदेवाचार्य यांनी त्यांना थांबवले, ही आठवण प्रसिद्ध आहे. मला तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच सापडते. ज्या घराने म्हाताऱ्यांना कळावे म्हणून ग्रंथ मराठीत आणले, त्या घराइतकी सार्वजनिक वाचनालयाला साजेशी दुसरी जागा आमच्या गावात नाही.

व्यवहाराची बाजूही आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो, तेव्हा सभागृहाच्या स्लॅबखाली दुपारी बसवत नाही. इथल्या अडीच फुटी मातीच्या भिंतींच्या आड पोलीस भरतीची तयारी करणारी मुले दिवसभर अभ्यास करतात. ओसरीत चार-पाच आजीबाई सुपारी कातरत बसतात आणि सातवीतली एक मुलगी त्यांना मोठ्याने वाचून दाखवते. एखादा शब्द अडला की ती थांबते, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ त्या आजीबाईंपैकीच कोणीतरी सांगते.

जुन्या घराचा त्रास मी लपवत नाही. गेल्या पावसाळ्यात छत गळून बालविभागाची खालची ओळ भिजली आणि ती पुस्तके मला ओसरीत दोरीवर वाळत घालावी लागली. वाळवीवरही सतत नजर ठेवावी लागते. मृगाच्या आधी यंदा सगळी कवेलू फेरायची आहेत. सागवानी आढ्याचे एक टोक कुजले आहे, तेही तेव्हाच बदलू.