व्हेनिसला रात्री राहाच

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघं व्हेनिसला जाऊन आलो. आमच्या ओळखीतले बहुतेक जण ग्रुप टूरमधून चार-पाच तासांत हे शहर बघून आलेले. आम्ही तीन रात्री राहिलो, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला माझं हेच सांगणं आहे: दुसरं काही कमी करा, पण इथे रात्री राहा. सकाळी दहानंतर सान मार्को चौकात पाय ठेवायला जागा नसते. सात वाजता तिथे झाडूवाले आणि आम्ही दोघंच होतो. रात्री गर्दी ओसरली की गल्ल्यांमध्ये फक्त पाण्याचा आवाज आणि आपल्याच चपलांचा.

मेस्त्रेला, म्हणजे खाडीअलीकडे, हॉटेलं स्वस्त पडतात आणि रेल्वेने दहा-बारा मिनिटांत पोचता येतं. पण मग रात्री सगळं लक्ष घड्याळाकडे. आम्ही कान्नारेज्जो भागात, स्टेशनपासून चालत जाता येईल अशी खोली घेतली.

सामान मात्र कमी न्या. शहरात गाड्या नाहीत, चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. ह्यांचा उजवा गुडघा दुखतो, त्यामुळे दोन मोठ्या बॅगा पुलावरून चढवताना माझा जीव खालीवर होत होता. खोली ठरवताना जवळचा बोटीचा थांबा कोणता आणि मध्ये किती पूल लागतात, हे मालकाला विचारून घ्या. घरांचे नंबर रस्त्याप्रमाणे नसतात, अख्ख्या भागाचे सलग असतात, हजारांच्या घरात. नुसत्या नंबरावर आम्ही अर्धा तास फिरलो.

गुडघ्यामुळे एक फायदा झाला, वापोरेत्तो म्हणजे तिथली बोटीची बस आम्ही भरपूर वापरली. एका फेरीचं तिकीट साडेनऊ युरो, पंचाहत्तर मिनिटं चालतं. बहात्तर तासांचा पास ४५ युरोंचा, तो घ्या आणि चढण्याआधी मशीनला लावा. एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉलवर थांबत थांबत जाते. संध्याकाळी स्टेशनपासून सान मार्कोपर्यंत बाहेरच्या बाजूला बसून जा, साधारण पाऊण तास. दोन्हीकडे महाल, खिडक्यांमधून पिवळा उजेड, मध्ये १५९१ साली पूर्ण झालेला रिआल्तोचा दगडी पूल. हे एरवी कमी बोलतात. त्या बोटीत म्हणाले, "अगं, परत एकदा जाऊ या का?" आणि आम्ही खरंच परत गेलो.

गोंडोलाचा ठरलेला दर अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर पस्तीस मिनिटांना ११०. हा दर बोटीचा आहे, माणशी नाही. पाच जण बसू शकतात. मोठ्या कालव्यापेक्षा आतल्या अरुंद कालव्यांतून न्यायला सांगा. वळणावर नावाडी हाळी देतो, भिंतींमधून ती घुमते, अंगावर काटा येतो. बोट नीट बघा: डावी बाजू मुद्दाम उजवीपेक्षा रुंद बांधलेली असते, कारण नावाडी एकाच वल्ह्याने उजवीकडून वल्हवतो. एवढा खर्च नको असेल तर सांता सोफियाहून मासळीबाजाराकडे जाणारी त्रागेत्तो घ्या. तीही गोंडोलासारखीच नाव, दोन युरोंत पलीकडे सोडते.

बुरानोला सकाळी लवकर जा. फोंदामेंते नोव्हेहून १२ नंबरची बोट, पाऊण तास. रंगीत घरांचे फोटो सगळेच काढतात, पण मी रमले ती लेसच्या संग्रहालयात. कापड नाही, सुया नाहीत दोन. नुसत्या एका सुईने, दोऱ्यावर दोरा गुंफत हवेत जाळी उभी करायची. मी आयुष्यभर क्रोशाचं विणकाम केलंय, तरी त्या बारकाव्यापुढे हात जोडले. बाहेरच्या दुकानांत स्वस्त मिळते ती बहुधा यंत्रावरची लेस, हे लक्षात ठेवून घ्या.

खाण्यासाठी बाकारो, म्हणजे छोटी दुकानं. काउंटरपाशी उभं राहून चिकेत्ती, म्हणजे तोंडी लावायचे छोटे पदार्थ, खायचे. टेबलावर बसलं की बिल वाढतं. शाकाहाऱ्यांनी पावावरच्या पांढऱ्या मऊ लेपापासून सावध राहा, ते लोणी-चीज नसून बहुधा कॉड मासा असतो. पाण्याची बाटली जवळ ठेवा, चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत.

सान मार्कोच्या बॅसिलिकात, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, पाठीवरची मोठी बॅग चालत नाही. वरून शहर बघायला समोरच्या सान जॉर्जो माज्जोरे बेटावरचा मनोरा गाठा. तिथे लिफ्ट आहे, आणि तिथून सान मार्कोचा मनोराही दिसतो. तो १९०२ साली कोसळला होता, १९१२ मध्ये पुन्हा उभा केला.

ऑक्टोबर ते जानेवारी भरतीचं पाणी रस्त्यावर येऊ शकतं. २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी दारं वर उचलून मोठी भरती अडवतात, तरी अंदाज बघून निघा. वसंत-उन्हाळ्यात काही ठराविक दिवशी एका दिवसासाठी येणाऱ्यांना प्रवेश शुल्क पडतं. मुक्कामाला असलात तर ते माफ आहे, पण आधी ऑनलाइन नोंदणी करावी लागते.

निघताना पहाटेच स्टेशनकडे चाललो होतो. कालव्यात भाजीची बोट, मागे धुतलेल्या चादरींची बोट. पुलाच्या मध्यावर हे थांबले, मला वाटलं गुडघा. पण ते कठड्याला टेकून चादरींच्या बोटीकडे बघत होते. गाडीला अजून वीस मिनिटं होती, म्हणून मीही बॅग खाली ठेवली.