कुंकळ्ळीची परीक्षा

नवा फॉन्ट हाती आला की लोक आधी स्वतःचं नाव लिहून बघतात. मी ‘कुंकळ्ळी’ लिहितो. दक्षिण गोव्यातल्या या गावात माझं सोयरंधायरं कुणी नाही. पण ळला ळ जोडायचा हा प्रसंग फॉन्ट काढणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसावा. काही फॉन्ट पहिल्या ळचा पाय मोडून मोकळे होतात. काहींत एक ळ दुसऱ्याच्या खांद्यावर बसतो आणि खालची ओळ जीव मुठीत धरून राहते.

माझ्या लाडक्या मुक्ता नावाच्या फॉन्टलाही मी पैकीच्या पैकी दिलेले नाहीत. हे जोडाक्षर मी तिच्यातही शेवटी हातानेच जुळवून घेतो. पण तिचा सुटा ळ! दोन्ही पोटं भरलेली, तरी आत मोकळी हवा. पत्रिकेच्या तळाशी ‘आपले नम्र’च्या खाली मुंगीएवढी अक्षरं टाकली तरी त्या पोटांत शाई साचत नाही. फोंड्यात डीटीपीचं दुकान चालवायचं तर ळ टाळून भागत नाही. कवळे, म्हार्दोळ, प्रियोळ अशी गावं आजूबाजूला, आणि जत्रेच्या प्रत्येक पत्रकात देऊळ असतंच.

मुक्ता मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट काढणाऱ्या मंडळींची. सात वजनांत, म्हणजे सात जाड्यांत मिळते, फुकट मिळते. गुजरातीत तिची बहीण वाणी, गुरुमुखीत माही आणि तमिळात मलार. पैकी तमिळवालीलाच आमच्या ळची खरी कळ ठाऊक असणार. दुकानातल्या पोराला मी फोनवर ‘मुक्ता थोडी जाड कर’ म्हणतो तेव्हा घरात पाहुणे असले तर बायको खुलासा करत बसते.

तिच्यात नखरा नाही. नाटकाच्या फलकाला लोकांना नखरा लागतो, तिथे मी गुपचूप ‘बालू’ लावतो. बालूही त्याच घरचा, पण गुबगुबीत, गल्लीतल्या लाडावलेल्या पोरासारखा. फलक त्याच्यावर सोपवावा, मजकूर मात्र मुक्तावर.

अक्षरांमधल्या अंतराचा धडा मला कुठल्याही कलाशाळेत मिळालेला नाही, तो माटोळीखाली मिळाला. चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला फळं, भाज्या, रानातल्या वेली बांधतात. नारळाशेजारी लगेच तोरिंजन नको, मध्ये सुपारीचा घोस घाल, असं आई खालून सांगायची आणि मी स्टुलावर मान मोडून बांधत असायचो. पुढे संगणकावर शिरोरेषेला लोंबकळणारी अक्षरं पाहिली आणि हे तर आपण करत आलोय असं वाटलं. ळ म्हणजे नारळाची जोडी. शेजारी थोडी जागा सोडली नाही, तर घर फळबाजारासारखं दिसतं.

भारतात छापखाना पहिल्यांदा गोव्यातच आला, १५५६ साली. फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, तेही मराठीत. पण रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे तिथे नव्हते. मराठीचं कौतुक करणारी त्यातली प्रसिद्ध ओवी बघा: रत्नकिळा, निळा, चोखळा. यमकांचा सगळा भार ळवर, आणि छापताना त्या ळच्या जागी दोन एल. रोमी कोंकणीत आजही तीच सोय आहे. ती ओवी मी एकदा मुक्तात जुळवून पाहिली. कुणी मागितली नव्हती, पैसेही मिळणार नव्हते. रात्री अकरापर्यंत तीन ळ मागे-पुढे सरकवत बसलो होतो.

परवा कुंकळ्ळीहून एक वयस्कर गृहस्थ धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला आले. गावाच्या नावातलं जोडाक्षर मी नेहमीप्रमाणे हाताने जुळवलं. ळच्या चार पोटांमधली हवा नीट वाटून घेतली, एका रेषेवर तर अर्धा तास घालवला. मग प्रूफ पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, कागद उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला. मी वाट बघत होतो.

“बरें जालां,” ते म्हणाले. “पूण थोरले चलयेच्या पत्रिकेंतलो गणपती चड बरो आशिल्लो.”